एक पान वाचून दाखवा

"हे फासे नसते ना, तर मी आत्ता घरी पंख्याखाली पडलो असतो," माल सोडवून देणारा एजंट स्वतःशीच पुटपुटला. अक्काला ऐकू जावं असा त्याचा हेतू नव्हता. पण जकातीच्या गोदामातलं ते बाक मुळात दीड माणसाचं, त्यावर ही दोघं आणि मध्ये एजंटची फुगलेली बॅग. त्याच्या पोटात गुरगुरलेलंसुद्धा तिला ऐकू येत होतं.

"पुस्तक म्हणावं तर खोक्यात फासे. खेळणं म्हणावं तर एवढं जाडजूड पुस्तक," त्याचं चालूच होतं. "तरी मी म्हटलं होतं, फासे वेगळे मागवा."

"वेगळे मागवले की ते खेळणं होतं," अक्का म्हणाली. "आणि खेळण्याला दाखला लागतो, लहान मूल गिळणार नाही म्हणून."

"आणि पुस्तकाबरोबर आले की मूल गिळत नाही?"

"ते साहेबांना विचारा."

"मी नाही बाई विचारत. मला रोज यायचंय इथे."

समोर पत्र्याच्या टेबलावर त्यांचं खोकं पोट फाडल्यासारखं उघडं पडलं होतं. समुद्रावरून आलेल्या पुठ्ठ्याला येतो तसा कुबट वास त्याला येत होता. वरच्या पुस्तकाचा कोपरा चेपला होता. म्हणजे ते कमी भावात काढावं लागणार, हे अक्काच्या मनानं आपोआप टिपून घेतलं. इतक्या वर्षांनी तिला पुस्तकाचं तोंड नंतर दिसे, कोपरे आधी. मुखपृष्ठावर हरणाची शिंगं असलेली एक बाई विहिरीच्या काठावर उभी होती आणि विहिरीतून कुणाचे तरी डोळे वर बघत होते.

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं. ते रागीट नव्हते. उलट गोदामातले बाकीचे लोक ज्यांच्यापुढे चळचळा कापत, ते हे साहेब अक्काशी अगदी घरच्यासारखं बोलत.

"बाई, ही शिंगवाली कोण?"

"खेळातली आहे साहेब."

"ते कळलं. देवी आहे, भूत आहे, की काय आहे? मला वर लिहून द्यावं लागतं, परक्या भाषेतल्या पुस्तकात काय आहे ते." त्यांनी मान उंच करून तिच्या मागे पाहिलं. "भाऊ कुठेत तुमचे? वर्ष झालं, दिसले नाहीत."

"बरं नव्हतं त्याला मध्ये."

"अरे. आता?"

"आता बरा आहे. चालतो, फिरतो."

"मग आणा की त्यांना!" साहेबांचा चेहरा उजळला. "नेहमीसारखं एक पान वाचून दाखवू देत. मी शिक्का मारतो, तुम्ही माल घेऊन जा. नवीन पुस्तक आहे, मी असा डोळे मिटून कसा सोडू? पण या आठवड्यात आणा हं. पुढच्या आठवड्यात हे परत पाठवायच्या रांगेत जाईल, मग माझ्या हातात राहत नाही."

अक्का "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आल्यावर एजंट खूश होता. "चला, सुटलो! एक पान तर वाचायचंय."

अक्का तशीच पुढे चालत राहिली, तेव्हा त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. माणूस किरकिऱ्या होता, पण आंधळा नव्हता. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून त्यानं एक कार्ड काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "मोठ्या शहरात एक बाई आहेत. ती भाषा शिकवतात, त्यांची सही सरकारात चालते. नुसतं ठेवा जवळ. लागेल असं म्हणत नाही मी."

"कशाला लागेल?" अक्का म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

* * *

दुकान दादाचं, अक्काच्या थोरल्या भावाचं. तरुणपणी तो परदेशात एका छापखान्यात कामाला होता, तिथे ती भाषा शिकला आणि तिथेच त्याला हा नाद लागला. टेबलाभोवती चारपाच जणांनी बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी पळून आलेली राणी. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. आई होती तेव्हा ती म्हणायची, "म्हणजे मोठी झालेली घोडी लुटुपुटीचं घर-घर खेळतात." दादा म्हणायचा, "अगदी बरोबर. फक्त घराऐवजी जग असतं."

अशा खेळांची पुस्तकं असतात, आणि दादाला आवडायची ती त्या एकाच भाषेतली. ती भाषा तिथल्या लोकांखेरीज कुणी बोलत नाही. मोठ्या भाषांतल्या पुस्तकांचे व्यापारी खूप होते. या पुस्तकांचा अख्ख्या देशात हा एकच. मान म्हणायचा तर मान, वेड म्हणायचं तर वेड. तिकडचं प्रकाशन म्हणजे एक नवरा, एक बायको आणि त्यांचं गॅरेज. त्यांनी दादाला भाषांतर छापायची परवानगी दिली नव्हती. नियमांचा गोषवारा मात्र काढू दिला होता. त्यालाच दुकानात कुंजी म्हणत. दादा नवं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, आपल्या भाषेत दहाबारा पानांची कुंजी लिहायचा. अक्का ती छापून आणायची, वहिनी टाचण्या मारायची आणि प्रत्येक पुस्तकाच्या पोटात एकेक कुंजी जायची. कुंजीवाचून ते पुस्तक म्हणजे भारी चित्रांचा पाट होता, उशाला घ्यायचा.

धंदा कधी बहरला नाही आणि कधी मेलाही नाही. नवरा गेल्यावर अक्का सहज म्हणून गल्ल्यावर बसली ती तिथेच मुरली. जहाज चुकणं, खोकी भिजणं, तिकडे नवी आवृत्ती निघाली की इकडची जुनी रद्दी होणं, सगळं तिच्या अंगवळणी पडलं. त्या भाषेतलं अक्षर मात्र तिला एक येत नव्हतं. ते खातं दादाचं.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलात पंधरवडाभर त्याचं तोंड वाकडं आणि जीभ जड. हळूहळू सगळं परत आलं. हात आला, पाय आला, चेष्टामस्करी आली. सकाळचा पेपर तो पुन्हा मोठ्यानं वाचू लागला, मंत्र्यांना शिव्या घालू लागला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. घरात सगळ्यांनी मान डोलावली.

अक्काच्या लक्षात आलं ते दुकानात, एका दुपारी. गिऱ्हाईक नव्हतं. दादा कोपऱ्यातल्या त्याच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, नुसतीच. काहीतरी खटकत होतं; काय ते कळायला तिला बराच वेळ लागला. दादा ती भाषा वाचायचा तेव्हा त्याचे ओठ हलायचे. आपलं वाचताना नाही, तेच वाचताना. लहानपणापासूनच्या आणि मोठेपणी कमावलेल्या भाषेत असा फरक राहतो, तोच म्हणायचा. आता त्याचे ओठ मिटलेले होते. तो पानं उलटत होता. चित्र आलं की थांबत होता, चित्र संपलं की उलटत होता.

तिनं त्याला चहा करून दिला. तिला एवढंच सुचलं.

* * *

त्या दिवशी गोदामातून ती दुकानात परतली तेव्हा मास्तर येऊन बसले होते. मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवणारे आणि सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत खेळ सांगणारे. त्यांच्या टोळीत एक दंतवैद्य, एक बस चालवणारी बाई, दोन भावंडं आणि कुणा ना कुणाचा तरी कंटाळलेला नवरा असे.

"आलं का शिंगवालीचं पुस्तक?" मास्तरांनी विचारलं.

"आलंय. अडकलंय."

"सुटेल. दादा आहेत ना." असं म्हणून मास्तर टेबलावरचे फासे उगाच हारीनं लावू लागले.

अक्कानं पर्स खुंटीला अडकवली. "होडीचा खेळ कसा चाललाय?"

होडीचं पुस्तक लहानसं होतं. दादाच्या दुखण्यानंतर ते टपालानं आलं होतं, कुणी न उघडताच सुटलं होतं. त्याची कुंजी दादानं लिहिली. एरवी दादाची कुंजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना: फासा टाका, चारच्या खाली आला तर पडलात, पडलात तर एक खूण पुसा. होडीची कुंजी तशी नव्हती. त्यात लिहिलं होतं, ज्याच्या हातात कंदील असेल त्याला खोटं बोलता येणार नाही. आणि कंदील नको असेल तर तो दुसऱ्याला द्यावा, पण देताना त्याची क्षमा मागावी. अक्कानं ती छापायला देण्याआधी दोनदा वाचली होती. इतकं सुंदर दादानं जन्मात कधी लिहिलं नव्हतं.

"फार चांगला," मास्तर सावकाश म्हणाले. "परवा तर ती बस चालवणारी रडली. कंदील हातात आला आणि तिला तिच्या आईबद्दल काहीतरी खरं बोलावं लागलं. म्हणजे, खेळातल्या आईबद्दल." त्यांनी एक फासा उचलला. "फक्त एवढंच, की पुस्तकात होडीला आकडे दिलेत. पान भरून तक्ते आहेत. गणिताचा माणूस आहे मी, आकडे दिसले की मला बघितल्याशिवाय राहवत नाही. त्या तक्त्यांचं कुंजीत काहीच नाही."

"असं?"

"असेल कशाला तरी." मास्तर उठले. "पुस्तकात काय असेल ते असो, अक्का. आमची होडी पार झाली."

दारापर्यंत जाऊन ते परत वळले. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण मग त्यांनी छत्रीच विचारली, जी त्यांच्याच काखेत होती.

म्हणजे मास्तरांनाही माहीत होतं. अक्का स्टुलावर बसून राहिली. पर्समधलं ते कार्ड तिला खुंटीवरूनसुद्धा जाणवत होतं. एक फोन करायचा, बाईंना बोलवायचं, त्या एक पान वाचतील, सही करतील, माल सुटेल. किती सोपं. आणि त्यानंतर दादाला काय सांगायचं? दुसरी वाचणारी बोलावणं म्हणजेच तोंडानं म्हणणं, की तुझ्याच्यानं आता होत नाही. ज्या एका गोष्टीमुळे तो या दुकानात मालक होता, ती गेली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीत कोण बसणार? म्हातारा माणूस, ज्याला मंत्र्यांना शिव्या घालता येतात.

आणि नाही बोलावलं तर माल परत जाणार. गॅरेजमधले ते नवराबायको दुसऱ्यांदा धाडायचे नाहीत. त्यांचंही पोट हातावर होतं.

* * *

घरी वहिनी इस्त्री करत होती. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आतल्या खोलीत दादाचं खोकणं ऐकू येत होतं.

"वन्सं, तुमचं तोंड असं का झालंय? भूत पाहिलंत?"

"शिंगवाली बाई पाहिली," अक्का म्हणाली. आवाज खाली करून तिनं साहेबांचं म्हणणं सांगितलं.

वहिनीनं ऐकून घेतलं. इस्त्री एकाच बाहीवरून पुन्हापुन्हा फिरत राहिली. "उन्हाचं बाहेर नेऊ नका यांना," ती शेवटी म्हणाली.

"गोदामात पंखा आहे."

"पंख्याचा वारा बाधतो."

"वहिनी."

"तो छापखान्यातला मित्र आहे ना यांचा, तिकडचा?" वहिनीनं इस्त्री उभी केली. "दर महिन्याला फोन करतो. दोघं तासतास बोलत बसायचे, मला शब्द कळत नसे, पण हसणं कळायचं. आता त्याचा फोन आला की हे न्हाणीघरात जाऊन बसतात. मी सांगते, झोपलेत. मला तेवढाच एक शब्द येतो त्या भाषेतला." ती हसली, पण डोळे इस्त्रीवर. "तो बिचारा म्हणत असेल, हा माणूस किती झोपतो!"

"तू कधी विचारलं नाहीस?"

"काय विचारू?"

"हेच."

"तुम्ही विचारलंत?"

बाही कधीच सरळ झाली होती. वहिनीनं सदरा घडी करून ठेवला, मग घडी मोडून पुन्हा केली.

"त्यांना आवडतं ते करत बसायला," ती म्हणाली. "होडीची ती कुंजी लिहीत होते तेव्हा मी बघत होते. सगळा दिवस. जेवायला उठत नव्हते. वन्सं, दुखण्यानंतर त्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, आला माझा माणूस परत."

अक्कानं ठरवलं, दादाला काही सांगायचं नाही. साहेबांना म्हणू, प्रकृती पुन्हा बिघडली. माल जाऊ दे. लोक आणखी मोठ्या गोष्टी सोडून देतात.

पण दुसऱ्या दिवशी ती दुकानात पोचायच्या आत एजंटचा फोन आला आणि तो दादानं उचलला.

"चिमे," ती दारात दिसताच दादा म्हणाला. तिला चिमी म्हणणारं आता जगात हे एकच तोंड उरलं होतं. "साहेब माझी वाट बघतायत म्हणे. आणि तू मला बोलली नाहीस?"

"विसरले."

"तू? तू शेजारणीच्या मांजराचा वाढदिवस विसरत नाहीस."

"अरे, ऊन आहे. तिथे बसायला धड जागा नाही. मी बघते काहीतरी."

"काय बघणार? वाचायचं मला आहे." दादा खुर्चीतून उठला. उठताना त्यानं टेबलाला धरलं, मग आपण धरलंय हे लक्षात येऊन सोडून दिलं. "एक पान तर आहे. चल, इस्त्रीचा सदरा आणलाय अंगावर, फुकट कशाला घालवा?"

त्याच्या डोळ्यांत तिनं शोधून पाहिलं. भीती होती का? होती, आणि तिच्यावर ती जुनी ऐट चढवलेली होती, धुरकट काच पुसून लावावी तशी. अक्काला वाटलं, आत्ता म्हणावं, मला माहीत आहे रे. रिक्षात बसल्यावरही वाटलं. सिग्नलला वाटलं. दादा बाहेर बघत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता. एकेक पाटी, नीट, चूक न करता.

* * *

साहेबांनी दादासाठी खुर्ची मागवली, स्वतःच्या टेबलाशेजारी. चहा मागवला. गोदामात खुर्ची आणि चहा मिळालेला माणूस एजंटनं आयुष्यात पाहिला नव्हता. तो लांबच्या बाकावरून आ वासून बघत राहिला.

"वाळलात हो," साहेब म्हणाले.

"जाड पुस्तकाची कुंजी करून टाकली डॉक्टरांनी," दादा म्हणाला, आणि साहेब उगाचच खूप हसले. माणूस आजारातून उठला की त्याच्या साध्या बोलण्यालाही लोक हसतात.

"मला तुमची ती मिठाच्या खाणीची गोष्ट अजून आठवते," साहेब म्हणाले. "घरी जाऊन बायकोला सांगितली होती. बरं, आता या शिंगवालीचं सांगा. काय प्रकरण आहे?"

दादानं पुस्तक मांडीवर घेतलं. चष्मा नाकावर नीट केला. त्यानं पानं उलटली, एकदा, दोनदा, आणि एका चित्राशी थांबला. चित्रात एक म्हातारा पायरीवर बसला होता, त्याच्या मागे दार, दाराला कडी बाहेरून. शेजारच्या पानावर मुंग्यांसारखी बारीक अक्षरं.

अक्का त्याच्या ओठांकडे बघत होती.

"या गावात," दादानं सुरुवात केली, "प्रत्येक घराला एक दार जास्तीचं असतं. ते कुठेच उघडत नाही. घरातलं माणूस गेलं की लोक त्या दाराशी बसतात. रडत नाहीत. नुसते बसतात, कारण आतून कुणी दार वाजवलं तर ऐकणारं कुणीतरी हवं." त्याचं बोट ओळींवरून चाललं होतं, डावीकडून उजवीकडे, बरोब्बर वाचत असल्यासारखं. "हा म्हातारा इतकी वर्षं बसलाय, की आता तो कुणाची वाट बघतोय हे त्यालाच आठवत नाही. शिंगवाली बाई त्याच्याकडे येते आणि विचारते, तू उठलास तर काय होईल? खेळणाऱ्यांनी ठरवायचं, तिला काय उत्तर द्यायचं. इथे फासा टाकायचा नाही, असं म्हटलंय."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला होता. पलीकडच्या टेबलावरचा कारकून टाचणी हातात धरून थांबला होता. गोदामात कुठेतरी चाकांची गाडी घडघडत गेली.

"माझे वडील असे बसायचे," साहेब म्हणाले. "आई गेल्यावर. दाराशी नाही, खिडकीशी." त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. "काय लिहितात हो ही माणसं!"

आणि त्यांनी शिक्का उचलला.

अक्काचा श्वास सुटला. लाज वाटावी इतका मोकळा सुटला. झालं. साहेबांना कळलं नाही, कुणाला कळणार नाही, खोकं रिक्षात जाईल, वहिनीला सांगू की छान वाचलं. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी.

"हां, एक राहिलं." साहेबांनी शिक्का तसाच हवेत धरून दुसऱ्या हातानं पुस्तक आपल्याकडे ओढलं, शेवटची पानं चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे चित्र नव्हतं. जाड काळ्या रेघेची चौकट होती आणि आत गच्च मजकूर. "ही काळी चौकट. तुम्हीच मला शिकवलंत ना, यात ते धोक्याचं लिहितात? खेळताना कुणाच्या जिवाला लागेल असं काय काय येणार, कुणाला हे खेळायला देऊ नये, ते. तेवढं वाचा, म्हणजे मला लिहायला. पोरंबाळंही येतात तुमच्या दुकानात."

दादानं पुस्तक परत घेतलं.

प्रत्येक कुंजीत दादा त्या चौकटीचा शब्द न् शब्द उतरवायचा. गोषवारा नाही, सगळंच्या सगळं. नियम चुकला तर खेळ चुकतो, तो म्हणायचा, हे चुकलं तर माणूस. होडीच्या कुंजीत चौकट नव्हतीच. अक्काच्या हे आत्ता लक्षात आलं. आकड्यांच्या जागी त्यानं कंदील लिहिला होता. पण या जागी काही लिहिलं नव्हतं. जागा कोरी सोडली होती.

दादाचं बोट चौकटीच्या पहिल्या ओळीवर टेकलं. त्याचे ओठ हलले. खरंच हलले, थरथरल्यासारखे, पण आवाज आला नाही. बोट तिथेच राहिलं. साहेब वाट बघत होते, कारकून वाट बघत होता. लांबच्या बाकावरून एजंट उठून उभा राहिला होता.

"साहेब, बारीक टाइप आहे फार," अक्का घाईनं म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आणि याचा वाचायचा चष्मा घरी राहिलाय. मी उद्या लिहूनच आणते, सगळं, तुम्ही शिक्का..."

दादानं पुस्तक मिटलं. मिटलेल्या पुस्तकावर दोन्ही हात ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे; लहानपणी ती अंधारात उगाच मोठमोठ्यानं बोलायची तेव्हा पाहायचा, तसं.

"चष्मा नाकावर आहे, चिमे," तो म्हणाला. मग साहेबांकडे वळला.

"साहेब, मला हे वाचता येत नाही. दुखण्यातून उठल्यापासून यातलं एक अक्षर लागत नाही मला. मगाशी जे सांगितलं ना, ते या पुस्तकात नाही. ते माझं होतं."